भाडेपावती कुणाच्या नावावर? गिरणगावाचं प्रकरण

लालबागच्या एका चाळीत दहा बाय बाराची खोली होती. भाडेपावतीवर नाव एकाचं, राहायचे मात्र वीस-पंचवीस जण. सगळे रत्नागिरी जिल्ह्यातल्या एकाच गावचे आणि सगळे गिरणीत. माझे मामा त्यातलेच. मे महिन्यात गावी निघण्याआधी आम्ही त्यांना भेटायला जायचो. भिंतीला ओळीनं खुंट्या, प्रत्येक खुंटीला एक सदरा आणि एक पिशवी. पोटमाळ्यावर पत्र्याच्या ट्रंका, त्यांवर पांढऱ्या रंगानं नाव आणि खाली वाडीचं नाव. खाट एकच होती, ती आजारी माणसाची. बाकीच्यांच्या वळकट्या. दुपारी गेलो की आईला गॅलरीतच बसवायचे, कारण आत तिसऱ्या पाळीचे झोपलेले असायचे. आम्ही पोरं मोठ्यानं बोललो की मामा नुसती मान हलवून आत खूण करायचे.

हिला गावकीची खोली म्हणत. भाडं सगळ्यांनी वाटून भरायचं, आणि नवीन पोरगा गावाहून आला की त्यालाही एक खुंटी मिळायची. महिन्यातून एकदा तिथंच बैठक बसे: गावच्या देवळाला पत्रे, शाळेला वर्ग, कुणाच्या तेराव्याला मदत. ग्रामस्थ मंडळाची वही आणि पैशांची पेटीही त्याच खोलीत.

पुढे चाळ पुनर्विकासाला गेली आणि एक साधा प्रश्न आला. नवीन इमारतीतली सदनिका कुणाची? कायद्याला पावतीवरचं नाव दिसतं. ज्याच्या नावावर पावती होती, तो माणूस कधीच गेलेला. त्याच्या मुलांनी कागद दाखवले आणि जागा त्यांना मिळाली. त्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही, कागदावर तेच खरे होते. चाळीस वर्षं भाड्यात आपला वाटा घालणाऱ्यांच्या हातात काहीच नव्हतं. वहीत त्यांची नावं होती, पण त्या वहीला कोण विचारतो?

महाराष्ट्राच्या राजधानीत शहरीकरणानं इतिहासाचं आणि संस्कृतीचं काय केलं, हे पाहायचं तर मला ही खोली सगळ्यात सोयीची वाटते. गिरणगावाबद्दल, म्हणजे मध्य मुंबईतल्या कापडगिरण्यांच्या वस्तीबद्दल, लिहिताना बहुतेक जण गिरण्यांच्या धुराच्या चिमण्यांपासून सुरुवात करतात. चिमण्या फोटोत चांगल्या दिसतात. पण गिरणगावची संस्कृती ज्यावर उभी होती ती गोष्ट फोटोत येत नाही: कमी भाड्याची, कुणा एकाची नसलेली चार हात जागा.

गाव कसं वसलं

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला कापडगिरणी काढायचं ठरवलं आणि १८५६ मध्ये तिथं सूत निघू लागलं. पुढच्या पन्नास वर्षांत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, करी रोड, वरळी, प्रभादेवी, दादर, नायगाव असा सगळा पट्टा गिरण्यांनी भरला. १९८० च्या आसपास साठेक गिरण्या होत्या, अडीच लाखांच्या घरात कामगार होते आणि गिरण्यांच्या ताब्यात सुमारे सहाशे एकर जमीन होती. माणसं आली ती मुख्यतः कोकणातून आणि घाटावरून. बायकापोरं गावी ठेवून पुरुष आले, म्हणून गावकीच्या खोल्या. जेवायला कुणी नाही, म्हणून खाणावळी.

मुंबईला राजधानी म्हणून महाराष्ट्राच्या पदरात टाकण्यात या वस्तीचा वाटा किती होता, हे नव्या टॉवरमधल्या कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या, वर्षाला एक दिवस. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांना संघटित करायला सुरुवात केली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली. आज आयटी कंपनीतला माणूस रविवारी फिनिक्स मॉलमध्ये फिरायला जातो, ती सुट्टी त्याच पट्ट्यात मिळालेली आहे. १९३० साली परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा होऊन गेलेला बाबू गेनू गिरणी कामगार होता. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. तिथून संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शंभराहून अधिक माणसं गेली, त्यांत कामगार होते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर या शाहिरांचा डफ याच गल्ल्यांतल्या मैदानांत वाजला. १ मे १९६० ला राजधानी मिळाली. पुढच्या चाळीस वर्षांत ती मिळवून देणारा वर्ग राजधानीच्या हद्दीबाहेर जायला लागला.

भोंगा, पाळी, खाणावळ

गिरणगावात घड्याळ कमी आणि भोंगा जास्त चालायचा. पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी रात्री बाराला. प्रत्येक गिरणीच्या भोंग्याचा आवाज वेगळा. बाया आवाजावरून सांगायच्या, हा अमुक गिरणीचा, आता भाजी टाकायला हरकत नाही. पाळीमुळे एक गंमत व्हायची: वस्तीतले एक तृतीयांश पुरुष कोणत्याही वेळी मोकळे असायचे. भजनी मंडळाला सकाळी दहा वाजताही टाळकरी मिळायचे. कबड्डीचे सामने, व्यायामशाळा, वाचनालय, गणपतीचा देखावा, नाटकाच्या तालमी हे सगळं या मोकळ्या वेळेवर चालायचं. कोकणातलं नमन, जाखडी, शक्ती-तुरा, दशावतार मुंबईत जगले ते पाळीच्या वेळापत्रकामुळे आणि फुकट किंवा चार पैशांत मिळणाऱ्या जागेमुळे.

खाणावळी बाया चालवायच्या. एकेका दहा बाय दहाच्या घरात पंधरा-वीस जणांचं जेवण. आमटीला कोकम की चिंच, हे खाणारे कुठल्या तालुक्याचे त्यावरून ठरे. पैसे पगाराच्या दिवशी. संप झाला की खाणावळवालीचं उधारीचं पुस्तक जाड व्हायचं. १९७० च्या दशकात अशाच संपांनी या बाया कर्जात रुतल्या आणि प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. कामगार चळवळीच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं असतात. संप किती दिवस टिकतो हे मात्र बऱ्याचदा आमटीच्या पातेल्यावर ठरे.

परळचं दामोदर हे याच जगाचं नाट्यगृह. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली, तिच्या आवारातलं हे सभागृह १९२२ चं. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मार्च १९२४ ला इथंच सभा घेतली आणि त्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. बाबासाहेब तेव्हा परळच्याच बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळीत राहत होते. पुढे दामोदर म्हणजे कामगार रंगभूमी आणि कोकणातल्या मंडळांचं हक्काचं ठिकाण झालं. गावचं मंडळ प्रयोग ठरवायचं, तिकिटं गावकीच्या खोल्या-खोल्यांतून खपवायचं आणि उरलेल्या पैशांत गावच्या देवळाचं छप्पर व्हायचं. प्रयोगात तंबाखू मळत बसलेला प्रेक्षक साडेअकराला उठून तिसऱ्या पाळीला जायचा, त्यामुळे तिसरा अंक ताणायची कुणाची टाप नव्हती.

इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर आठवणींची साखर जास्त होते. साचेखात्यात, म्हणजे मागांवर, पगार चांगला होता. पण धोट्यातली कांडी बदलली की सुताचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागे. तोंड लागतं म्हणून सवर्ण विणकर दलितांना त्या खात्यात येऊ देत नसत. १९२८ च्या मोठ्या संपात आंबेडकरांनी हा मुद्दा लावून धरला. लाल बावट्याखाली एकत्र उभ्या असलेल्यांच्या तोंडात हाच धागा वेगवेगळा होता. बायकांचंही तसंच. १९२० च्या दशकात गिरणीत पाचात एक कामगार बाई होती. नंतर रात्रपाळीवरची बंदी, नवी यंत्रं आणि संघटनांची उदासीनता यांनी ती हळूहळू घरी गेली. तेव्हा गिरणगाव हे हरवलेलं नंदनवन नव्हतं. भिंती तिथंही होत्या.

सहाशे एकरांचं गणित

१८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. मागणी पगार-बोनसची होती. पण खरा राग १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यावर होता, कारण त्या कायद्यानं एकाच मान्यताप्राप्त संघटनेला सगळ्या कामगारांच्या वतीनं बोलायचा हक्क दिला होता. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. लाखाहून अधिक माणसं कामावर परतली नाहीत. कुणी भाजीची गाडी लावली, कुणी वॉचमन झाला, बरेच जण गावी गेले. १९८३ मध्ये तेरा गिरण्या सरकारनं ताब्यात घेतल्या.

संपानं गिरण्या बुडाल्या असं सरसकट म्हटलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. यंत्रमागानं भिवंडी-मालेगावात स्वस्त कापड आधीच काढायला घेतलं होतं, मालकांनी गिरण्यांत नवा पैसा घालणं थांबवलं होतं, आणि कापडापेक्षा खालची जमीन महाग होत चालली होती. संपामुळे मालकांना जे मनात होतं ते करायला निमित्त मिळालं.

आता कायद्याकडे वळू, कारण संस्कृतीचं पुढं काय झालं त्याचं उत्तर इथंच आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. गिरणीची जमीन विकायची किंवा विकसित करायची तर तिचे ढोबळमानाने तीन वाटे करायचे: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. कागदावर हे फार सुंदर होतं. मालकांना ते इतकं सुंदर वाटलं की जवळपास कुणीच पुढे आला नाही. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं सरकारी गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र आराखडा मांडला: गिरणीगणिक तुकडे पाडू नका, सगळ्याचा मिळून विचार करा, स्टेशनांभोवती मोकळी जागा सोडा, रस्ते जोडा. तो अहवाल फायलीतच राहिला.

२००१ मध्ये नियम बदलला. बदल शब्दांत लहान होता. आता तीन वाटे करायचे ते फक्त रिकाम्या जमिनीचे, शेड आणि इमारतींखालच्या जमिनीचे नाही. गिरणी म्हणजे जवळजवळ सगळी शेडच. कुंपणाच्या आत अंगण किती असणार? त्यामुळे शहराच्या आणि म्हाडाच्या वाट्याला चिंधी आली. पर्यावरण क्षेत्रातल्या एका संस्थेनं जनहित याचिका केली. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. त्याआधी २००५ मध्येच लिलाव झाले होते. दादरची कोहिनूर मिल क्रमांक ३ गेली ४२१ कोटींना, लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना. अगदी अलीकडे, २०२३ मध्ये, वरळीतली बावीसेक एकर गिरणीची जमीन सुमारे ५,२०० कोटींना विकली गेल्याची बातमी आली, तेव्हा कुणाच्या भुवयाही फारशा उंचावल्या नाहीत.

गर्दी वाढली म्हणून जुनं जातं, असं शहरीकरणाबद्दल समजलं जातं. मुंबईच्या जुन्या शहरात उलटं झालं. २००१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात ३३.३८ लाख माणसं होती, २०११ मध्ये ३०.८५ लाख उरली. इमारती आकाशाला भिडल्या आणि माणसं अडीच लाखांनी घटली. दिवसा कामाला येणारे वाढले, रात्री राहणारे कमी झाले. संस्कृतीला राहणारे लागतात. सहाच्या लोकलनं परत जाणारा माणूस भजनाला थांबत नाही.

पूल

दिवसा येणाऱ्या त्या गर्दीचा हिशेब कुणी केला नव्हता. गिरण्या होत्या तेव्हा कामगार चालत यायचे, कारण ते चाळीत दोन गल्ल्या पलीकडे राहत. त्याच जमिनीवर काचेच्या कचेऱ्या झाल्या आणि माणसं विरार, कल्याण, पनवेलहून येऊ लागली. स्टेशनं, जिने, पूल तेच. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पाऊस पडत होता. एल्फिन्स्टन रोड आणि परळ जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. कोरिया समितीनं स्टेशनांभोवती मोकळी जागा मागितली होती, त्याला तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. त्याच वर्षी २९ डिसेंबरला, मध्यरात्र उलटल्यावर, कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या पबांना आग लागली आणि १४ जण गेले. बाहेर पडायच्या वाटा अपुऱ्या होत्या. आगीच्या बातम्यांत "कमला मिल" हा शब्द इतका वापरला गेला की नव्या पिढीला मिल म्हणजे जेवायला जायची जागा वाटते. पुढच्या जुलैत एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं.

नावांचं एक वेगळंच चाललंय. ना. म. जोशी मार्गाला जुने लोक अजून डिलाईल रोड म्हणतात, ते समजतं. पण लोअर परळच्या टॉवरांच्या जाहिरातींत पत्ता "अप्पर वरळी" येतो. नकाशावर असं गाव नाही. परळ म्हटलं की चाळ, मोर्चा, मसाल्याचा वास आठवतो म्हणून ते टाळलेलं असावं. परळमध्ये राहायचं, पण परळकर व्हायचं नाही.

काय जपलं

जपलं नाही असं नाही. चिमण्या काही ठिकाणी उभ्या आहेत, फिनिक्सच्या आवारात अजून एक आहे, तिच्याखाली सेल्फी घेतात. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं काम गेली अनेक वर्षं रखडत रखडत चाललं आहे. दादरच्या इंदू मिलच्या जमिनीवर बाबासाहेबांचं स्मारक होत आहे. गिरणगावातल्या जमिनींपैकी लोकांच्या मागणीनं लोकांकडे राहिलेली ती ठळक जागा. चैत्यभूमी जवळ आहे आणि मागणीमागे माणसं उभी होती, म्हणून ते झालं.

सगळ्यात जास्त टिकला तो गणपती. चिंचपोकळीचं मंडळ १९२० चं, गणेश गल्लीचं १९२८ चं, लालबागचा राजा १९३४ चा. राजाची गोष्ट मला आवडते, कारण ती पुन्हा जागेचीच आहे. १९३२ मध्ये पेरू चाळीतला बाजार बंद झाला. कोळी आणि छोटे व्यापारी उघड्यावर बसायला लागले. बाजाराला कायमची जागा मिळू दे, असा त्यांनी नवस केला. जागा मिळाली आणि गणपती बसला. आज नवसाच्या रांगेत देशभरातले लोक उभे असतात. पहिला नवस होता दोन हात बसायच्या जागेचा.

पण उत्सव टिकला म्हणजे वस्ती टिकली, असं मानण्याची घाई करू नये. मंडळांच्या कार्यकर्त्यांची यादी काढा. पत्ते बघा: कळवा, डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा. वर्गणीची जागा प्रायोजकांच्या कमानींनी घेतली आहे. आगमनाच्या दिवशी पुलावर पाय ठेवायला जागा नसते, आणि दुसऱ्या दिवशी आरतीला ढोलकी धरणारा मिळत नाही. उत्सव मोठा झाला आणि शेजार लहान झाला.

लालबागची मसाला गल्ली मात्र अजून चालते. एप्रिल-मे मध्ये डंकावर मिरची कुटली जाते आणि आख्खा रस्ता शिंकतो. डोंबिवलीला गेलेल्या बाया वर्षाचा मसाला करायला इथंच येतात. यादी आईची असते: बेडगी इतकी, संकेश्वरी इतकी, दगडफूल, नागकेशर. दुकानदार अजून विचारतो, मालवणी की घाटी? संस्कृतीचा इतका चिवट नमुना दुसरा मला माहीत नाही. कारणही साधं आहे: मसाला डब्यात भरून लोकलनं नेता येतो. भजन, तालीम, आखाडा डब्यात भरता येत नाही. त्यांना तिथंच बसायला जागा लागते.

दामोदरचं तेच झालं. शंभरी गाठलेलं ते नाट्यगृह नोव्हेंबर २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झालं. कलावंत, मंडळं रस्त्यावर आली. नवीन सभागृह होईल, असं सांगितलं गेलं. मुद्दा तो नाही. नवीन सभागृहाचं एका प्रयोगाचं भाडं किती असेल? गावच्या मंडळाला देवळाच्या छपरासाठी पैसे उरतील इतकं कमी असेल का? इमारत परत बांधता येते. ते भाडं परत बांधता येतं का, याचा नकाशात रकाना नसतो.

भाड्याची दुसरी बाजू

इथं माझ्याच म्हणण्यावर एक हरकत घेतो. स्वस्त भाड्यानं संस्कृती जगली हे खरं. पण ते भाडं १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं गोठवलेलं होतं, आणि त्याच गोठलेल्या भाड्यानं चाळीच्या तुळया कुजल्या. मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही. पावसाळ्यात गॅलरीला टेकू लागायचे. सकाळी संडासाच्या रांगेत टमरेल घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला कुणी "आमची सामूहिक संस्कृती" असं ऐकवलं तर ती काय म्हणेल, हे इथं छापता येणार नाही.

बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींत हे स्वच्छ दिसतं. १९२० च्या दशकात सरकारनं बांधलेल्या २०७ इमारती: वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२, शिवडीला १२. प्रत्येक इमारतीत ऐंशी खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासात भाडेकरूंना पाचशे चौरस फुटांचं घर फुकट मिळतं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. स्वतःचा संडास, स्वतःचं स्वयंपाकघर, लिफ्ट. हे नको म्हणणारा कुणी मला भेटला नाही, आणि भेटूही नये. त्यांची काळजी वेगळी आहे: पंधरा-वीस वर्षांनी देखभालीचा खर्च झेपेल का, आणि तोवर मुलं घर विकून बदलापूरला गेलेली असतील का.

ज्यांच्याकडे पावतीही नव्हती, त्या कामगारांचं काय? म्हाडानं गिरणी कामगारांसाठी घरांची पहिली सोडत जून २०१२ मध्ये काढली, ६,९२५ घरांची. अर्ज दीड लाखांच्या घरात होते. गणित तिथंच संपतं. उरलेल्यांना अलीकडे शेलू आणि वांगणीची घरं दाखवली गेली. कर्जतच्या गाडीनं दीड-दोन तास. जुलै २०२५ मध्ये सत्तरी-पंच्याहत्तरीचे कामगार आझाद मैदानात येऊन बसले, मुंबईतच घर द्या म्हणून. काहींच्या हातात गिरणीचं जुनं ओळखपत्र होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. पावती नसली तरी तो एक कागद होता.

विसर्जनाची रात्र

लालबागमध्ये मामांच्या गावची आणखी एक खोली अजून शिल्लक आहे, दुसऱ्या चाळीत. तिथंही पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत, आणि या वेळी मंडळानं शहाणपणा केला. पावती ज्याच्या नावावर होती त्याच्या मुलाला बसवून लिहून घेतलं. मुलगा भला होता, त्यानं सही केली. आता मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं आहे, पावती मंडळाच्या नावावर करण्याचा अर्ज घरमालकाकडे पडून आहे. घरमालक म्हणतो, विकासकाशी बोला. विकासक म्हणतो, आधी पात्रता ठरू दे.

गेल्या अनंत चतुर्दशीला मी तिथं होतो. मिरवणूक गिरगावकडे सरकली तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते. कर्जतची शेवटची गाडी कधीच सुटलेली. कळव्याचे, बदलापूरचे, विरारचे असे एकोणीस जण खोलीत आले. खुंट्या अजून होत्या. गुलालानं माखलेले सदरे त्यांवर गेले. चटया अंथरल्या, पाय कुणाचे कुठे ते कळेना. माझ्या शेजारी झोपलेला पोरगा ठाण्याला बँकेत कामाला. या खोलीत वर्षातून एकदाच येतो म्हणाला. त्याचे आजोबा पंचवीस वर्षं इथं राहिले होते. पोटमाळ्यावर त्यांची ट्रंक आहे, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. मोबाइलचा टॉर्च लावून त्यानं वर पाहिलं. नावं धूसर झाली होती, वाडीचं नाव तेवढं वाचता येत होतं.

"उघडू का?" त्यानं विचारलं.

कोपऱ्यातून कुणीतरी झोपेतच म्हणालं, "दिवा बंद कर रे, तिसऱ्या पाळीचे झोपलेत."